पहिलेपासून असा, की मधेच असा झाला?

प्रश्न : मी जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव चोपडा तालुक्यात. गेल्या सत्राचा निकाल लागल्यापासून मन थाऱ्यावर नाही. रात्री झोप येत नाही म्हणून मोबाइलवर व्यक्तिमत्त्वाच्या टेस्ट देत बसतो. आतापर्यंत सहा झाल्या: अव्हॉइडंट, स्किझोटायपल, बॉर्डरलाइन, ऑटिझम, एडीएचडी आणि डिप्रेशन. सगळ्यांत 'हाय' आलं. एका माणसाला सहा आजार असतात का? की माझा स्वभावच आजारी आहे? आणि घरी सांगू का?

उत्तर :

वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढा असशील, म्हणून तू म्हणतो. जळगावात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतोय त्याला २२ वर्षं झाली. सुरुवातीची दहा-बारा वर्षं कॉलेजची मुलं 'डोकं दुखतं' नाहीतर 'अभ्यासात मन लागत नाही' म्हणत यायची. आता स्क्रीनशॉट घेऊन येतात. एक जण तर सगळ्या निकालांच्या प्रिंट काढून, स्टेपल करून, वर अनुक्रमणिका लिहून आला होता. 'तू ऑब्सेसिव्हची टेस्ट द्यायची विसरलास बघ, तीही हाय आली असती,' असं मी म्हटलं तेव्हा हसला. पेशंट हसला की मला जरा बरं वाटतं, पुढचं बोलणं सोपं जातं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. एकाला दोन आजार असू शकतात, तीनही असू शकतात. पण सहा टेस्ट हाय आल्या म्हणून सहा आजार झाले, असं होत नाही. त्या सहा टेस्टनी बरीचशी एकच गोष्ट सहा वेळा मोजली असावी. ती गोष्ट कोणती, आणि तिला आजार म्हणायचं का, हे टेस्टवरून ठरत नाही. का ठरत नाही ते सविस्तर सांगतो, कारण इंजिनिअरिंगच्या मुलाला नुसतं 'काळजी करू नको' म्हटलं तर पटत नाही.

तू दिलेल्या टेस्ट बहुतेक करून संशोधनातल्या जुन्या प्रश्नावल्यांच्या नकला असतात. स्किझोटायपलची (विचित्र समजुती, संशय आणि एकलकोंडेपणा असा स्वभाव) गाजलेली प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांनी १९९१ मध्ये केली, ७४ प्रश्नांची. ऑटिझमच्या गुणांची सायमन बॅरन-कोहेन आणि केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केली, ५० प्रश्नांची. दोन्ही समोरासमोर ठेवून वाच. पहिली विचारते, अनोळखी माणसांत अवघडायला होतं का, जवळचे मित्र कमी आहेत का. दुसरी विचारते, चार माणसांत मिसळणं सोपं जातं का, नवे मित्र जोडणं जमतं का. अव्हॉइडंटची, म्हणजे बुजून लोकांना टाळणाऱ्या स्वभावाची, कुठलीही टेस्ट घे, तिच्यात तर हेच आहे. म्हणजे 'चार लोकांत गेलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते' हे तुझं एक उत्तर तीन खात्यांत जमा झालं. तिकडे झोप लागत नाही, लक्ष लागत नाही, चिडचिड होते, ही तीन उत्तरं डिप्रेशन, एडीएचडी (लक्ष एका जागी न ठरणं) आणि बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत वर-खाली होणं) या तिघांनी आपापसात वाटून घेतली. एकाच शेताचा उतारा तीन तलाठ्यांनी तीन नावांनी काढला, म्हणून शेतं तीन होत नाहीत.

आणखी एक. या प्रश्नावल्या घडवताना, तपासताना कॉलेजच्याच मुलांना पुन्हा पुन्हा बसवलं गेलंय, कारण प्राध्यापकाच्या हाताशी तीच असतात. रेन यांची अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर तपासली गेली, आणि त्याआधी चॅपमन पतिपत्नींनी विस्कॉन्सिन विद्यापीठात अशाच प्रश्नावल्या हजारो विद्यार्थ्यांकडून भरून घेतल्या होत्या. हेतू होता मोठ्या गटांची तुलना करायचा. एका मुलाच्या कपाळावर नाव चिकटवायला त्या केलेल्याच नाहीत.

यात फसगत कशी होते याचा प्रयोगही विद्यार्थ्यांवरच झालाय. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक टेस्ट सोडवून घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं, शून्य ते पाचात गुण द्या म्हणाला. सरासरी चारच्या वर आली. नंतर उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. पेपरातलं राशिभविष्य वाचून 'अगदी माझंच' म्हणणारी आजी आणि रात्री दोन वाजता 'हाय' बघून घाम फुटलेला तू, यांत फार अंतर नाही.

आता तुझ्या भाषेत गणित. समज, एखादा आजार हजारात २० जणांना आहे. टेस्ट चांगली आहे, आजारी असलेल्या शंभरातले ८० पकडते आणि निरोगी शंभरातल्या ८० जणांना सोडून देते. (आकडे समजुतीसाठी घेतलेत.) तर २० आजारी मुलांपैकी १६ 'हाय' येतील. उरलेल्या ९८० निरोगी मुलांपैकी १९६ सुद्धा 'हाय' येतील. एकूण हाय २१२, खरे त्यातले १६. आणि तू अशा सहा टेस्ट दिल्यास, तेही निकालाने मन मोडलेल्या दिवसांत. एखादी 'लो' आली असती तर मला नवल वाटलं असतं.

आजारांच्या नावांची भानगड वेगळीच आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या यादीत व्यक्तिमत्त्वाचे दहा विकार आहेत. बॉर्डरलाइन म्हणायला नऊपैकी कोणत्याही पाच खुणा हव्यात. नवातून पाच किंवा जास्त निवडायचे प्रकार किती होतात ते काढ, २५६ येतात. दोन मुलींना एकच नाव लागेल आणि दोघींत सारखी खूण एकच असेल, असंही होऊ शकतं. उलट एकाच मुलाला तीन-तीन नावं लागतात, हे तर आम्ही रोज बघतो. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ही खाती बरीचशी मोडूनच टाकली. आता आधी विचारायचं, या स्वभावामुळे माणसाचं स्वतःशी आणि इतरांशी किती अडतंय: सौम्य, मध्यम की तीव्र. मग हवं तर पाच गुणांपैकी कोणते ठळक आहेत ते लिहायचं: सतत मनाला लावून घेणं, अलिप्तपणा, दुसऱ्याची पर्वा नसणं, स्वतःवर आवर नसणं, आणि अति काटेकोरपणा. 'बॉर्डरलाइन' एवढं एकच जुनं नाव डॉक्टरांच्या आग्रहाखातर शिल्लक ठेवलंय. स्किझोटायपल त्यांच्याकडे स्वभावाच्या खात्यात नाहीच, ते स्किझोफ्रेनियाच्या शेजारी बसतं.

तुझ्या सहा टेस्टच्या मुळाशी यातला पहिला गुण असेल, असा माझा अंदाज आहे. पुस्तकात त्याला न्यूरॉटिसिझम म्हणतात. आपल्याकडे 'मनाला फार लावून घेतो' म्हणतात, आणि तेच जास्त बरोबर आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तो साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिक दिसतो, म्हणजे थोडा आईवडिलांकडून आलाय, बाकीचा जगण्यातून. रोमन कोटोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जुने पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नैराश्य, चिंतेचे विकार, व्यसनं, सगळीकडे हा गुण चढा दिसला आणि नेटकेपणाचा, शिस्तीचा गुण उतरलेला दिसला. म्हणून हे आजार एकमेकांचे भाऊबंद वाटतात. जमीन एक, पिकं निराळी. पण नुसती जमीन म्हणजे पीक नव्हे. मनाला लावून घेणारी कितीतरी माणसं जन्मभर नीट जगतात. बँकेत पैसे तीनदा मोजणारा कॅशिअर, परीक्षेच्या आदल्या रात्री हॉलतिकीट चार वेळा बघणारी मुलगी, हे त्याच जमिनीतले.

हे मी रावेरकडच्या एका केळीवाल्या वडिलांना समजावत होतो, माझ्या लांबलचक भाषेत. त्यांनी थांबवलं. 'म्हणजे पान पिवळं दिसलं, एवढंच ना डॉक्टर? पाणी साचलं, का खत कमी पडलं, का मुळालाच काही झालं, ते खोदल्याबिगर कसं कळणार?' तेव्हापासून मी हेच वाक्य वापरतो, त्यांचं नाव न सांगता.

तर खोदायचं कसं? माझ्या कामातला सगळ्यात उपयोगी प्रश्न कुठल्याच टेस्टमध्ये नसतो. तो मी मुलाला कमी आणि त्याच्या आईला, बहिणीला, शाळेतल्या मित्राला जास्त विचारतो: हा पहिलेपासून असा आहे, की मधेच असा झाला?

दोघांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन जणांचे एकत्रही केलेत. दोघांनीही स्किझोटायपलची टेस्ट भरली होती आणि गुण जवळपास सारखे होते. लोक माझ्याविषयी बोलतात: हो. माझं बोलणं लोकांना विचित्र वाटतं: हो. न दिसणाऱ्या शक्ती असतात: हो. जवळचं कुणी नाही: हो.

पहिली मुलगी सातपुड्यातली, धडगावकडची. घरची बोली पावरी, शिक्षण आश्रमशाळेत, आणि आता शहरातल्या कॉलेजच्या होस्टेलवर. तिचं मराठी ऐकलं की मागची बाकं हसायची. लोक माझ्याविषयी बोलतात, हे तिचं उत्तर म्हणजे साधी बातमी होती, ते खरंच बोलत होते. न दिसणाऱ्या शक्तींचं म्हणशील, तर तिच्या मावशीला गावाने डाकीण ठरवलं होतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे, पण गाव कायद्याच्या आधीपासून तिथे आहे. त्या घरात वाढलेल्या मुलीने लोकांच्या कुजबुजीला घाबरू नये तर काय करावं? आणि श्रद्धा मोजायची झाली, तर दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला पायी निघणाऱ्या माणसांना वाटेत गाठून हा कागद द्या, अर्धा खानदेश 'हाय' येईल. कॅलिफोर्नियात ज्या उत्तराला विचित्र म्हणतात, ते नवापूरला शेजारणीचं रोजचं बोलणं असतं. त्या मुलीला आजार नव्हता. एकटेपणा होता, आणि तिची भाषा बोलणारी दुसरी मुलगी त्याच होस्टेलच्या वरच्या मजल्यावर होती, हे वॉर्डनबाईंनी शोधून काढलं. माझं औषध तिला लागलं नाही.

दुसरा मुलगा शिंदखेडा तालुक्यातला. त्याच्या आईने आत येता येताच सांगितलं, 'दादा, हाऊ असा नव्हता.' मी विचारलं, कधीपासून? ती तारखा सांगेना, सण सांगू लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आला तेव्हा नीट होता, बहिणीला झोका देत होता. श्रावणात कानबाई बसली, सगळी भाऊबंदकी घरात, दरवर्षी हाच रात्रभर गाणी म्हणणारा. यंदा खोलीतून बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी रोट खायलाही नाही. एरवी रोटांवरून चुलतभावांशी भांडायचा. मग आंघोळ दोन-तीन दिवसांआड गेली. फोन टॉवेलात गुंडाळून ठेवायचा, पंख्याच्या रेग्युलेटरवर चिकटपट्टी लावली होती. मी विचारलं तर हळूच म्हणाला, तिकडून ऐकतात. याच्या 'हो' आणि त्या मुलीच्या 'हो'मध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता, कागदावर मात्र गुण सारखे. हा सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाशी धागा तुटण्याचा, पहिला झटका होता. औषधं लगेच सुरू केली, वर्ष वाया गेलं, पण पोरगा परत उभा राहिला. आईने सण मोजले नसते तर मला निदानाला जास्त वेळ लागला असता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं की स्किझोफ्रेनियाकडे झुकणारी घडण असलेल्या बहुतेकांना तो आजार कधी होतच नाही. म्हणून 'स्किझोटायपल हाय' हे शब्द वाचून घाबरू नकोस. दोन-चार महिन्यांत माणूस ओळखू येईनासा झाला, तर मात्र ताबडतोब ये. अमेरिकेत २००५ मध्ये छापून आलेल्या मोठ्या पाहणीत दिसलं की आयुष्यात ज्यांना मानसिक आजार होतात, त्यांतल्या तीन चतुर्थांशांची सुरुवात २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे कॉलेजचं वय हे नेमकं दोन्ही गोष्टींचं वय आहे: स्वभाव घट्ट होण्याचं आणि आजार उगवण्याचं. गोंधळ इथेच होतो.

हा गोंधळ डॉक्टरांचाही होतो, माझाही झालाय. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी बीएस्सीचा एक मुलगा यायचा. मान खाली, एका शब्दात उत्तर, मित्र नाहीत, मुलाखतीला जायचं टाळतो. दुसऱ्याच भेटीत मी केसपेपरवर 'अव्हॉइडंट पर्सनॅलिटी' लिहून मोकळा झालो. वडील म्हणाले होते, 'तो पहिलेपासूनच असा से,' आणि मी तेवढ्यावर थांबलो. पाच-सहा महिने त्याला 'आत्मविश्वास वाढव' छापाचे सल्ले देत राहिलो. मग एकदा मोठी बहीण सोबत आली आणि सहज बोलून गेली की बारावीला गॅदरिंगचं सूत्रसंचालन यानेच केलं होतं. मी पेन खाली ठेवलं. वडील वर्षातले आठ महिने ट्रकवर असायचे, त्यांचं 'पहिलेपासून' म्हणजे गेल्या दीड वर्षापासून. त्याला खोल नैराश्य होतं आणि ते मी स्वभाव समजून बसलो होतो. उपचार सुरू केल्यावर दहाव्या आठवड्यात बाहेर आवाज ऐकू आला: हा मुलगा माझ्या कंपाउंडरशी वीस रुपयांच्या सुट्ट्यांवरून वाद घालत होता. मला इतका आनंद क्वचित झालाय. तो केसपेपर मी अजून ठेवलाय, त्या दोन शब्दांवर काट मारलेला.

म्हणून नियम असा: मन पडलेलं असताना स्वभावाचं निदान करायचं नाही. नैराश्यात माणूस लाजाळू, संशयी, चिडका, अव्यवस्थित, सगळं एकदम दिसतो. ते उतरल्यावर जे उरतं, तो स्वभाव. तुझा निकाल लागला, झोप उडाली आणि मग तू टेस्ट द्यायला लागलास, हा क्रम तूच लिहिलायस. त्यामुळे मी तुझ्या सहा कागदांतला शेवटचा, डिप्रेशनचा, आधी हातात घेईन आणि बाकीचे पाच बाजूला ठेवीन.

मुदती लक्षात ठेव, त्या टेस्टच्या गुणांपेक्षा उपयोगी आहेत. मन उदास, कशातच रस नाही, असं जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असेल तर डिप्रेशनचा विचार करायचा. एडीएचडीच्या खुणा बाराव्या वर्षाच्या आत दिसायला हव्यात. दहावीपर्यंत तुझ्या वह्या नीटनेटक्या असतील आणि लक्ष निकालानंतरच उडालं असेल, तर ते दुसरं काहीतरी आहे. प्राथमिक शाळेतल्या बाई हयात असतील तर त्यांना फोन कर, त्या अचूक सांगतात. ऑटिझमही लहानपणापासूनच असतो, तिसऱ्या वर्षाच्या पाचव्या सेमिस्टरला सुरू होत नाही. मूड दिवसातून चार वेळा बदलतो, तोही कुणाच्या मेसेजवरून, तर बॉर्डरलाइन किंवा नुसती विशी. सलग चार दिवस किंवा जास्त झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं थांबत नाही, उधारीवर खरेदी चाललीय, तर बायपोलरची (मन कधी उधाणतं, कधी पडतं, त्या आजाराची) बाजू बघावी लागते. तिथे उशीर करू नये.

शरीर विसरू नकोस. मी कॉलेजच्या जवळपास प्रत्येक मुलाचं हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ बघतो. नंदुरबारकडची आदिवासी मुलं असतील तर सिकलसेलही, कारण त्या पट्ट्यात तो बऱ्यापैकी आढळतो आणि त्याचा थकवा 'आळशी स्वभाव' म्हणून खपून जातो. रूमवर रात्री तीनपर्यंत रील, सकाळी आठचं लेक्चर, मधे एनर्जी ड्रिंक, तोंडात पुडी: यावर कुणाचंही मन 'हाय' येईल. गांजा ओढत असशील तर डॉक्टरला खरं सांग, घरी कळत नाही. आणि मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या परस्पर घेऊ नकोस. चार दिवस गाढ झोप लागते, मग गोळीशिवाय डोळा लागत नाही. ते सोडवण्यात माझे महिने जातात.

उपचाराचं सांगतो. आजार एकमेकांत मिसळलेले असले तर उपचारही सहा लागतील, ही तुझ्या मनातली भीती असणार. लागत नाहीत. बॉस्टनचे डेव्हिड बार्लो यांनी चिंतेच्या निरनिराळ्या विकारांसाठी एकच सामाईक उपचारपद्धत बनवली, आणि २०१७ मधल्या चाचणीत ती प्रत्येक आजाराच्या वेगळ्या पद्धतीइतकीच उपयोगी ठरली. त्यामागचा विचार सोपा आहे. नावं काही असोत, बहुतेकांत धागे तेच: तोच विचार मनात घोळवत बसणं, नको वाटतं ते टाळणं, आणि झोपेचं गणित बिघडणं. तुझ्या बाबतीत मी टाळण्यापासून सुरुवात करीन. माझं ठरलेलं पहिलं काम आहे: नव्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीशी जायचं आणि चोपड्याची गाडी किती वाजता ते विचारायचं. वेळ माहीत असली तरी विचारायचं. मागे पाच माणसं उभी असताना विचारायचं. छाती धडधडेल, धडधडू द्यायची, खिडकी सोडायची नाही. आठवड्याने मेसमध्ये भाजी परत मागायची. महिन्याने व्हायव्हाला पहिल्या पाचात नंबर लावायचा. हसण्यासारखं वाटतं, पण हेच औषध आहे, आणि ते रोज घ्यावं लागतं. नैराश्य मध्यम किंवा जास्त असेल तर गोळ्याही देतो. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं की स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात.

स्वभाव बदलतो का, हे तू विचारलं नाहीस, पण 'स्वभावच आजारी आहे का' यामागे तेच आहे. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण मला पूर्ण मान्य नाही. वीस ते चाळीस या वयात बहुतेकांचं मनाला लावून घेणं आपोआप कमी होत जातं. ब्रेंट रॉबर्ट्स यांनी २०१७ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र केले, तेव्हा सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारानंतर व्यक्तिमत्त्वाचे गुण मोजण्याइतके हललेले दिसले, आणि सगळ्यात जास्त हाच गुण हलला. बॉर्डरलाइनसारखा कठीण समजला जाणारा विकारही दहा वर्षांच्या पाठपुराव्यात बहुतेकांचा ओसरलेला आढळलाय. लाजाळू मुलगा वक्ता होईल असं मी म्हणत नाही. पण लाजाळू राहूनही व्हायव्हा देता येतो. (पालक मला विचारतात, 'लग्न करून दिलं तर सुधरेल का?' नाही. कृपा करून नाही.)

एक गोष्ट मात्र लगेच. मरणाचे विचार येत असतील, नुसते 'सकाळ उजाडू नये' असे का असेनात, तर हे वाचणं थांबव आणि आजच कुणाला तरी सांग. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेला. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. सुटीत घरी जाशील तेव्हा शेतातली फवारणीची औषधं कुलपात आणि किल्ली वडिलांकडे, एवढं घरच्यांना करायला सांग. हे मी प्रत्येक शेतकरी घराला सांगतो, त्यात तुझ्यावर संशय नाही.

दाखवायचं कुठे? जळगाव आणि धुळे, दोन्हीकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. कॉलेजात समुपदेशक आहे का ते विचार. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. काही ठिकाणी ते काम एनएसएसच्या सरांकडेच दिलेलं असतं. सर भले असतात, पण तो उपचार नव्हे. जाताना सहा स्क्रीनशॉट नेऊ नकोस. एका कोऱ्या कागदावर लिहून ने: काय होतंय, कधीपासून, त्याआधी मी कसा होतो, किती झोपतो, काय घेतो. एवढा कागद माझा अर्धा तास वाचवतो.

आणि घरी सांगायचं का? सांग, पण आजाराचं नाव सांगू नकोस. 'मला स्किझोटायपल आहे' म्हटलंस तर आई रात्रभर रडेल आणि सकाळी भगताकडे नेईल. 'निकालापासून झोप लागत नाही, डॉक्टरला दाखवायचंय, तू सोबत ये' एवढं म्हण. फोनवर नको, शनिवारच्या गाडीने घरी जा आणि ती भाकरी थापत असताना चुलीपाशी बसून सांग, त्या वेळी आया जास्त प्रश्न विचारत नाहीत. तिला थोडंफार कळलेलं असतंच. वडिलांना तीच सांगेल. दवाखान्यात तेही येतील आणि बाहेर बाकावरच बसून राहतील. बसू दे. आईला मात्र आत घेऊन ये, मला तिला सण विचारायचेत.